झाकलेला चेहरा

सोमवार, ४
नवं डायलिसिस मशीन आलं एकदाचं! विभागात नुसती लगीनघाई. मशीनपुढे आम्ही तिघी नर्स उभ्या राहिलो, तंत्रज्ञाने माझ्या मोबाइलवर फोटो काढला. मागे तीन नंबरच्या खुर्चीत मास्तर. म्हणाले, मशीनपेक्षा सिस्टरच जास्त चमकतायत — आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की सुया टोचलेला हात हलवू नका म्हणून मला दटावावं लागलं.

फोटो फेसबुकवर टाकला. पेशंटचा चेहरा दिसता कामा नये, एवढं कळतं मला. मास्तरांच्या तोंडावर पिवळा हसरा गोळा चिकटवला. जाऊबाईंनीसुद्धा लाइक केलं, म्हणजे बघा!

बुधवार, ६
मास्तर एक दिवसाआड येतात, पण त्यांच्या लेकीला पत्ता नाही. एकुलती एक, नोकरीला दुसऱ्या शहरात. तिला सांगतात, सकाळी बुद्धिबळ खेळायला जातो. आज मला पुन्हा बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर. कळलं तर पोरगी स्वतःची किडनी काढून देईल. मला ती घ्यायची नाही."

शुक्रवार, ८
लेक आली. विभागाच्या दारात उभी, मोबाइलवर माझा फोटो. फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलेला.

चेहरा झाकला मी. शाल कुठे झाकली? डायलिसिसला थंडी वाजते म्हणून मास्तर घरून लोकरीची शाल आणतात. जांभळी, एक कोपरा वाकडा. तिनेच शाळेत असताना विणलेली. कोपरा वाकडा झाला म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं — हे मास्तरांनीच मला कौतुकाने सांगितलं होतं. मला माहीत होतं!

ती भांडली नाही. किडनी द्यायला माझी तपासणी कधी करता, एवढंच तिने डॉक्टरांना विचारलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शनिवार, ९
मेट्रनबाईंनी बोलावलं. मी म्हटलं, चेहरा झाकला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "चेहरा नाही, माणूस झाकायचा असतो."

फोटो फेसबुकवरून काढायला लावला, मोबाइलमधून, मोबाइलच्या कचरापेटीतूनही. त्यांच्या डोळ्यांदेखत. चौकशी होईपर्यंत निलंबित. पेशंटशी, नातेवाइकांशी संपर्क ठेवायचा नाही.

घरी हे म्हणाले, हात दाखवून अवलक्षण. खोटं काय त्यात.

सोमवार, ११
मास्तर डायलिसिसला आले नाहीत. बरोबरच्या नर्सने कळवलं.

बुधवार, १३
आजही नाहीत. किडनीचा नाद सोडलास तरच जाईन, असं लेकीला सांगितलंय म्हणे. ती सोडत नाही. बाप तशी लेक! आणि दोघांच्या हट्टात अंगात पाणी साचत चाललंय. पाय सुजले असतील. आडवं पडलं की धाप लागत असेल. हे सगळं मला इथे, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दिसतं.

फोन करावासा वाटतो. हात जोडून सांगावं, माझ्यावरचा राग तुमच्या जिवावर काढू नका. पण फोन केला तर नोकरी गेलीच. हातात घेतला, खाली ठेवला. लाज वाटते स्वतःची.

शनिवार, १६
काही नाही. जेवले. भांडी घासली.

सोमवार, १८
मास्तर गेले. लेकीने शेवटी रडत रडत कबूल केलं, नाही देत किडनी, पण चला. रुग्णवाहिका बोलावली. दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत पोचले फक्त.

माझ्या एका फोटोपायी. दुसरं काय लिहू?

शुक्रवार, २२
लेक घरी आली. वाटलं, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाइल पुढे केला — तोच फोटो, तोच पिवळा गोळा. म्हणाली, "सिस्टर, आजारी पडल्यापासून बाबांनी मला एक फोटो काढू दिला नाही. हा एवढाच आहे. याच्याखाली ते हसतायत का? मूळ फोटो द्या ना."

हसत होते, म्हटलं. खूप हसत होते.

एवढंच होतं माझ्याकडे द्यायला.