कणकेच्या एकवीस गोळ्या

आई,

या खेपेला इथे अमेरिकेत मुलाकडे आल्यापासून दारात काय काय आलं ते आधी लिहिते, कारण भेटलीस की तू पहिलं तेच विचारायचीस. गव्हाचं पीठ, वीस पौंडांची पिशवी, अठरा डॉलर. नातीच्या दहाव्या वाढदिवसाचा गळ, काठी आणि दोऱ्याच्या चक्रासकट, पस्तीस डॉलर. मुलाने तो मागवला तेव्हा सगळं ठीक होतं, म्हणून मी काही बोलले नाही. आणि गळ आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवर कंपनीचं पत्र आलं, की आजपासून तुमची नोकरी नाही. त्याला टपालखर्च पडला नाही. बाकी काय पडलं ते तुला विचारायचं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

इथला नियम असा आहे की नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी लागली पाहिजे, नाही तर सगळ्यांनी देश सोडायचा. सुनेचा व्हिसा त्याच्या व्हिसावर आहे. नात इथे जन्मली, ती तेवढी इथली. तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं. मला तरी कुठे सांगितलं होतं, पण मी जुनी अकरावी पास असले तरी घरातली शांतता मला वाचता येते. सून भांडी आवाज न करता लावायला लागली. मुलगा सकाळी सहाला लॅपटॉप घेऊन बसायचा आणि जेवायला बोलावलं की "हो, आलोच" म्हणून तासाने यायचा. एकदा मी विचारलं, "काही जमतंय का रे?" तर म्हणाला, "आई, तू नको टेन्शन घेऊस, बोलणी चालू आहेत." असं म्हणताना तो कॅलेंडरकडे बघत होता. त्यावर सुनेने रोज एक दिवस पेन्सिलीने खोडलेला, इतका हलका की नातीला दिसू नये.

तेव्हा मला तुझ्या गोळ्या आठवल्या. घरामागे एक लहान तळं आहे. मॉरिसव्हिलमध्ये अशी तळी घरांच्या प्रत्येक वसाहतीत असतात, पावसाचं पाणी साठवायला. आपल्या गावच्या घाटापेक्षाही लहान. काठाला लाकडी फळ्यांचा धक्का आहे आणि बदकांना खायला घालू नये अशी पाटी. माशांबद्दल काही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचली. दुसऱ्या दिवसापासून मी अंघोळ, पूजा झाली की बिनमिठाची कणीक भिजवून एकवीस गोळ्या करायची, तू करायचीस तशाच, हरभऱ्याएवढ्या, आणि प्रत्येक गोळीला रामाचं नाव घेऊन पाण्यात सोडायची.

तू घाटावर बसलेली मला आत्ता दिसतेस. पदर कमरेला खोचलेला, पितळी वाटी पायरीवर. बाबांना मिरजेच्या दवाखान्यात ठेवलेलं आहे, छातीत पाणी झालंय, आणि बारा वर्षांची मी तुझ्या शेजारी ओल्या पायरीवर बसले आहे. गोळी पडली की पाणी उकळल्यासारखं होतं. मी ओंजळ बुडवून ठेवते आणि एक मासा सरळ माझ्या ओंजळीत येतो. मी त्याला वर उचलते, डोळे मिटते आणि मोठ्याने म्हणते, "माझ्या बाबांना बरं कर, लवकर घरी आण." पुढचं मागणं मनात तयार होतं, पण तुझी चापट माझ्या मनगटावर बसली आणि मासा पाण्यात गेला. तू मला कधी मारत नव्हतीस. "त्याला श्वास मिळेना आणि तू मागत बसलीस? दुसऱ्याचा जीव हातात धरून मागायचं नसतं." मी रडत विचारलं, "मग तू रोज काय मागतेस?" तू म्हणालीस, "काही नाही. मागितलं की ते दिल्याचं मोल झालं. मोल लावलं की समोरचाही मोल लावतो." आपण घरी आलो. मग स्वयंपाकघरात परात माझ्यापुढे सरकवलीस. "उद्यापासून कणीक तू मळ." बाबा दीड महिन्याने घरी आले, तोपर्यंत रोजच्या गोळ्या मी केल्या, आणि तुझं ऐकून काही मागितलं नाही.

इथेही मी पहिले काही दिवस मागितलं नाही. खरंच नाही. गोळ्या सोडायची आणि परत यायची. बोटाएवढे मासे धक्क्याखाली जमायला लागले, माझी चप्पल वाजली की धावत यायचे. आठवड्याभरात चांगले गरगरीत झाले. मग एक दिवस त्यांच्याखालून एक मोठी काळी सावली सरकली आणि लहान मासे चारी बाजूंना फुटले. मला वाटलं, थोरलाही प्रसादाला येतो. मी घरी येऊन नातीला सांगितलं आणि तिथेच माझं चुकलं. तिचे डोळे चमकले. "आजी, हाउ बिग?" मी दोन्ही हात पसरून दाखवलं.

त्या शनिवारी सकाळी ती गळ घेऊन माझ्या मागोमाग आली. पेन्सिलीच्या खुणा तेव्हा एक्केचाळीस झाल्या होत्या. मुलगाही आला, बाकावर लॅपटॉप घेऊन बसला. गळाला जांभळं गांडूळ बघून मी अंग चोरलं, तर नात म्हणाली, "आजी, रबरी आहे. व्हेजिटेरियन." मुलगा मान वर न करता म्हणाला, "लागत नाही गं काही, दोन तास उभी राहील आणि कंटाळेल." मी म्हटलं, बाई, माझ्या गोळ्या होईपर्यंत थांब, मग लांब तिकडे टाक. ती थांबली. एकविसावी गोळी पडली आणि तिने गळ टाकला तो लांब नाही, तिथेच, माझ्या माशांच्या मध्ये.

काठी अशी वाकली की मोडणार असं वाटलं. चक्र किरकिरत उलटं फिरायला लागलं. नात "डॅडी, डॅडी" ओरडतेय आणि ओल्या फळ्यांवरून तिचे बूट कडेकडे घसरतायत. मला पोहता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी मागून तिचं जॅकेट दोन्ही मुठींत धरलं आणि खाली बसले, म्हणजे ओढ बसली तरी माझं वजन तिला धरून ठेवेल. मुलगा लॅपटॉप बाकावर टाकून धावला. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन रोज तळ्याला फेरी मारतात, तेही आले आणि दोरा कधी ओढायचा, कधी सैल सोडायचा ते तिला शांतपणे सांगायला लागले. किती वेळ गेला माहीत नाही. मग पाणी फाटल्यासारखं झालं आणि तो वर उडाला. तोंड एवढं मोठं की माझी मूठ आत जावी. पुन्हा पडला तेव्हा आमच्या अंगावर पाणी आलं.

धक्क्याला आणला तेव्हा प्रश्न पडला, धरायचा कोणी. नातीच्या हातात काठी, मुलाच्या हातात गळ सोडवायची पक्कड, म्हाताऱ्यांना गुडघे वाकवता येत नाहीत. मुलगा म्हणाला, "आई, तू धर. खालच्या जबड्यात अंगठा घाल, ते म्हणतायत चावत नाही." मी धरला. जबडा आतून किसणीसारखा खरखरीत होता. दुसरा हात पोटाखाली घातला आणि उचलला. नात जन्मली तेव्हा मी तिला अशीच उचलली होती, हा तिच्याहून जड. म्हातारे म्हणाले की चाळीस वर्षं मासे धरतोय, लार्जमाउथ बास जातीचा मासा एवढा मोठा दोनदाच पाहिला, आणि तोही असल्या डबक्यात नाही. मग त्यांनी पाण्यावरच्या कणकेकडे बघितलं, हसले आणि काही बोलले. मुलाने मराठीत सांगितलं, "आई, ते म्हणतात हा तुझी कणीक खायला येत नव्हता. तुझी कणीक खाणाऱ्यांना खायला येत होता. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी." मी रामाचं नाव घेऊन रोज कोणाचं ताट वाढत होते, ते मला तेव्हा कळलं. "आणि हा तो नाही, ती आहे," मुलगा पुढे म्हणाला. "एवढ्या मोठ्या माद्याच असतात. पोटात अंडी आहेत." माझ्या तळहाताला ते पोट लागत होतं.

मुलाने गळ काढला. मग फोटो काढला. त्यात नात हसते आहे, मी हसत नाही आणि मासोळीचं तोंड उघडं आहे. मुलगा हसत होता, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. मग तिला पाण्यात सोडलं. ती पळाली नाही. एका अंगावर कलली, थोडा वेळ तशीच राहिली, मग हळूहळू खाली जात दिसेनाशी झाली. "शी विल बी ऑल राइट," म्हातारे म्हणाले, पण म्हणताना ते आपल्या कुत्र्याकडे बघत होते.

सोमवारी नोकरी लागली. त्याच गावात, पगार थोडा कमी, पण व्हिसाचे कागद ते करणार. सून देवापुढे किती तरी वेळ बसली. नातीला तेव्हा सगळं सांगितलं, तर म्हणाली, "सो द फिश वॉज लकी." सगळे हसले. मी शिरा करायला आत गेले आणि माझ्या हातून वेलचीचा डबा सांडला. त्या दिवसापासून मी रोज तळ्यावर जाते. गोळ्या बंद केल्या आहेत, नुसतीच उभी राहते. लहान मासे येतात, माझ्याकडे तोंडं करून थांबतात. सावली दिसत नाही. नात शाळेतून आली की विचारते, "आजी, दिसली का?" मी म्हणते, दिसली, लांबून. आज बारा दिवस झाले, बारा वेळा खोटं बोलले. काठाशी काही पांढरं तरंगलं की आधी तिकडे धावते. जवळ जाऊन बघते तर प्लास्टिकची पिशवी असते. मुलाकडे बघितलं तरी आनंद होण्याआधी भीतीच वाटते, की देणाऱ्याने मोल लावलं असेल तर ते पूर्ण फिटलं का, की अजून काही बाकी आहे.

हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही. मुलाला वाटतं फोटोमुळे तिला पाण्यात सोडायला उशीर झाला. फोटो एका क्षणात झाला होता. तो म्हणाला, "आई, सोड आता." मी सोडली नाही. म्हातारे म्हणाले, "मॅम, तिला पाणी हवंय." मला कळलं होतं, एवढं इंग्रजी मला येतं. तिचे कल्ले उघडत होते, मिटत होते, डोळा माझ्याकडे होता, आणि मी तिला वर धरून मनात मागत होते. नोकरी. मग व्हिसा. मग नातीची शाळा इथेच राहू दे. एक संपलं की पुढचं. तुझी चापट बसायला तू नव्हतीस. सगळं मागून झालं तेव्हा मी हात पाण्यात घातले.

हे पत्र हिशोबाच्या वहीत मागे ठेवते आहे, घालू कुठे, पत्ता ठाऊक नाही. पण तिकडे नदी असेल, घाट असेल, आणि तू बसलेली असशील. ती तिकडे आली असेल तर मला उलट टपाली कळव. आली नसेल, तर तेही कळव. मी रोज दारातली पेटी बघते.