पहिला भिडू मार्लिसचा

लिहून देणार मी, लव्हॉन कुबिचेक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा धुरी दिलेल्या सॉसेजांचे दुकान आणि फुटबॉलची एक टीम, राहणार केटल फोर्ड, नेब्रास्का. माझे डोके ठिकाणावर आहे. ते कधीच ठिकाणावर नव्हते असे म्हणणारी जगात एकच व्यक्ती आहे, माझी धाकटी बहीण मार्लिस, आणि तिचे नाव पुढे पावलोपावली येणार असल्याने इथे जास्त लिहीत नाही. येत्या वसंतातला पहिला सामना मी पाहणार नाही, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. आमच्या टीमबद्दल या डॉक्टरांचा एकही अंदाज आजवर खरा ठरलेला नाही, तरी या खेपेस त्यांच्यावर विश्वास ठेवून, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाला खूश करण्याचा हेतू न ठेवता, मी पुढील व्यवस्था करून ठेवते. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, विशेषतः ड्वेनच्या लग्नाच्या जेवणात कागदी रुमालावर लिहिलेले.

कलम १. राहते घर माझा मुलगा ड्वेन यास द्यावे. तळघरात पाणी येते, तेही त्यालाच. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या कैलासवासी लेनर्डने, ते पाणी थांबवण्याचा उद्योग मरेपर्यंत केला आणि दर उन्हाळ्यात थांबवले म्हणून जाहीर केले.

कलम २. आमच्या आईचे लाटणे मार्लिसला द्यावे. मी ते चोरले असे ती ग्रॅटन गावात सगळ्यांना सांगत आली आहे. मी ते चोरलेले नाही, सांभाळलेले आहे. जत्रेतल्या कोलाची नावाच्या गोड भरल्या पावांच्या स्पर्धेत तिला दर वर्षी दुसरे बक्षीस मिळते याचा लाटण्याशी काही संबंध नाही, हे आता ते हाती आल्यावर तिचे तिलाच कळेल. तिच्या कोलाचीत जर्दाळू कमी आणि बढाई जास्त असते.

कलम ३. आता टीमचे. माझी टीम केटल फोर्ड हेमेकर्स, मार्लिसची टीम ग्रॅटन क्रेन्स. आमचा फुटबॉल पायाने नव्हे, हातात चेंडू धरून खेळायचा आणि छपराखालचा, जत्रेच्या गुरांच्या हॉलमध्ये होणारा. दुपारी तिथे वळूंचा लिलाव होतो, मग मातीवर हिरवा गालिचा अंथरायचा, कडेने गाद्या बांधलेल्या फळ्या आणि दोन टोकांना चेंडू परत उसळवणाऱ्या जाळ्या उभ्या करायच्या, आणि संध्याकाळी दांडगे गडी चेंडू बगलेत मारून एकमेकांवर आणि त्या फळ्यांवर आदळतात. चेंडू प्रेक्षकांत गेला तर ज्याने धरला त्याचा. घरोघरी असे चेंडू आहेत. फादर मलोनी यांच्याकडे तीन आहेत आणि त्यांनी ते आपण होऊन देवळाला द्यावेत असे माझे मत आहे.

आमची लीग आठ टीमांची होती, ती दोनांवर आली. याचा दोष वर्तमानपत्रवाल्या वेंडल फ्रीसने माझ्यावर ठेवला. मी खुलासा करते. हेमेकर्स जिंकत होते ते कुठल्या डावपेचांमुळे नव्हे, तर सॉसेजमुळे. जो गडी माझ्या टीममध्ये येईल त्याला माझ्या दुकानात नोकरी आणि पोटभर मांस, हा माझा शब्द होता. मोठ्या टीमांनी नाकारलेली, खायला काळ आणि भुईला भार झालेली पोरे चार राज्यांतून माझ्याकडे यायची. मार्लिसचे केस कापायचे दुकान. तिने आपल्या गड्यांना जे तिच्याजवळ होते ते देऊ केले, म्हणजे फुकट केस कापून. परिणाम असा की सामना संपल्यावर क्रेन्स ऐंशी-नव्वद गुणांनी हरलेले असत, पण डोक्यावरून टोप काढला की केस कसे सुरेख दिसत.

बाकीच्या टीमा एकेक करून गेल्या. एका टीमची बस वाटेत बंद पडली आणि गड्यांनी ती दुरुस्त करण्याऐवजी आनंदाने टाळ्या वाजवल्या, असे ऐकिवात आहे. आमचे लोक अर्ध्या खेळातच उठून गाडीतळावर जाऊन बिअर पीत बसत, कारण आत काय होणार ते त्यांना घरून निघतानाच ठाऊक असे. वेंडलने लिहिले की केटल फोर्डमध्ये एकाच छपराखाली दोन कत्तलखाने चालतात. सदर वेंडल फ्रीस यास दर नाताळात माझ्या दुकानातून एक सॉसेज पोचते करावे. सगळ्यात लहान असेल ते.

मी जिंकत होते म्हणून मला पश्चात्ताप आहे काय? नाही. जिंकायचे नसेल तर टोप कशाला घालायचा, घरी विणकाम करावे. पण टाळी एका हाताने वाजत नाही, आणि दुसरा हात माझ्या बहिणीचा होता, एवढे कायदेशीरदृष्ट्या मान्य करते.

कलम ४. मागील जूनमधील सामन्याबाबत गावात नाही नाही ते बोलले जाते, म्हणून खरे काय ते नमूद करते. पाहुण्या टीमची माणसे कमी पडली तर यजमानाने आपली उसनी द्यायची, ही आमच्या लीगची रीत आहे. मार्लिसची बस नेहमीच अर्धी रिकामी यायची आणि मी तिला माझ्याकडचे निवडक ओवाळून टाकलेले गडी द्यायची. त्या आठवड्यात मात्र माझा चेंडू फेकणारा, डेझमंड ओयलर, ज्याच्या खांद्यावर सगळी टीम उभी होती, तो वेंडलच्या वर्तमानपत्रात म्हणाला की कुबिचेकबाईंचे सॉसेज जरा खारट असते. खाल्ल्या मिठाला जागणे राहिले बाजूला, वर मिठाचीच तक्रार. मी त्याला शिक्षा म्हणून मार्लिसच्या टीममध्ये पाठवले. नारिंगी शर्ट घालून हरण्याची चव बघू दे म्हटले.

तो हरला नाही. पहिल्या भागात बरोबरी झाली. गाडीतळावरचे लोक बिअर तशीच टाकून आत आले. लेनर्डचा भाऊ, जो गुडघ्यांमुळे देवळातही उभा राहत नाही, तो बाकावर चढला. वळूंच्या मालकांनी गाड्या थांबवल्या. शेवटच्या फेकीला चेंडू जाळीवर आपटून क्रेन्सच्या एका सुरेख केसांच्या पोराच्या हातात पडला आणि हेमेकर्स एका गुणाने हरले. मी तळतळले. आणि इतकी मजा मला लेनर्डने लग्नाचे विचारले तेव्हाही आली नव्हती. ही दोन्ही वाक्ये खरी आहेत, वकीलबाईंनी त्यांतले एक खोडावे असे सुचवले होते, मी नकार दिला.

लोक बाहेर पडताना विचारत होते, पुढचा सामना कधी. हा प्रश्न त्या हॉलमध्ये कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. आणि नेमकी तेव्हा मार्लिस माझ्याजवळ आली. मला वाटले फुशारकी मारायला आली. ती म्हणाली, "लव्हॉन, आजचा विजय उसना होता, घे परत. मी टीम बंद करतेय."

मी म्हटले, इतकी वर्षे हरलीस तेव्हा बंद केली नाहीस, आज जिंकल्यावर कसली बंद करतेस.

"मला हरण्याचा कंटाळा नाही आला गं," ती म्हणाली, "तुझ्या जिंकण्याचा आला."

तेव्हापासून आम्ही बोललो नाही. क्रेन्स बंद झाली तर हेमेकर्सने खेळायचे कोणाशी? वळूंशी? माझ्यामागे त्या हॉलमध्ये गालिचा अंथरला जावा, एवढीच माझी इच्छा आहे. ती मार्लिसच्या हातात आहे. माझ्या हातात काहीच नाही असे माझ्या आयुष्यात क्वचित घडले आहे आणि मला त्याची सवय नाही. बहिणीची विनवणी करणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी वकील लावला आहे.

कलम ५. हेमेकर्स टीम ड्वेन यास द्यावी. परंतु ड्वेनचा बेत टीम उचलून ओमाहा शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये न्यायचा आहे, तिथे म्हणे खुर्च्यांना हात असतात. म्हणून पुढील अटी.

गालिचा मार्लिसच्या मालकीचा राहील. ड्वेनला खेळायचे तर मावशीकडे मागायला जावे. जाताना फुले न्यावीत, पिवळी नकोत.

दुकान आणि धुरीची खोली ड्वेनची, पण सॉसेज आणि नोकऱ्या दोन्ही टीमच्या गड्यांना सारख्या. केस कापून घेणेही दोन्ही टीमच्या गड्यांना खुले असावे अशी मार्लिसला विनंती आहे. माझ्या पोरांची डोकी पाहवत नाहीत.

आणि मुख्य अट. दर वसंतात दोन्ही टीमचे सगळे गडी गालिच्यावर उभे करायचे आणि ड्वेनने व मार्लिसने आळीपाळीने एकेक भिडू निवडायचा, लहान मुले वाटून घेतात तसे. पहिला भिडू मार्लिसचा. ड्वेनने हे मानले नाही तर दुकान, घर आणि तळघरातले पाणी लुथरन चर्चला जाईल. आम्ही कुबिचेक चार पिढ्यांचे कॅथलिक आहोत, तेव्हा हे मी गमतीने लिहिलेले नाही हे ड्वेनला कळेल. माणसे ही मालमत्ता नसल्याने ती वाटून देता येत नाहीत, असा आक्षेप वकीलबाई इंग्रिड थॉस्ट्रुप यांनी घेतला. मी त्यांना सांगितले की मी माणसे देत नाही, मी फक्त निवडण्याची पाळी देते. ती माझीच आहे.

ती माझीच होती, पहिल्यापासून. गुरांच्या वाड्यामागे आम्ही आळीतली मुले खेळायचो तेव्हा भिडू मी वाटायची. मार्लिसला मी कधी घेतले नाही. ती कच्चा लिंबू. धरली गेली तरी बाद नाही, आणि तिने गुण केला तरी तो धरायचा नाही. ती फार लहान होती आणि नियम तो नियम, त्यात गैर काही नव्हते. ती रडायची नाही, कुंपणाशी उभी राहून वाट पाहायची. एवढेच मला आठवते आणि का आठवते ते ठाऊक नाही.

कलम ६. लीगचे सगळे चषक मार्लिसच्या दुकानात द्यावेत. कंगवे ठेवायला बरे.

कलम ७. मला लेनर्डशेजारी पुरावे, अंगात हेमेकर्सचा निळा शर्ट घालून. नंतर सर्वांना मिरचीचा रस्सा आणि दालचिनीचे गोड पाव द्यावेत. भाषणे नकोत. वेंडल फ्रीस यास बोलू देऊ नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी इंग्रिड थॉस्ट्रुप यांनी करावी.

लव्हॉन कुबिचेक
केटल फोर्ड, १४ नोव्हेंबर २०१६

पुरवणी

वर सही करणारी मीच, डोके अजून ठिकाणावर, हात मात्र थरथरतो, म्हणून हे वकीलबाई लिहून घेत आहेत.

वकीलबाईंनी माझ्या परवानगीने कलम ५ मार्लिसला वाचून दाखवले. मी परवानगी दिली नसती तरी त्यांनी दाखवले असते, असा मला संशय आहे. आज मार्लिस आली. कोट न काढता पलंगाशी बसली आणि म्हणाली, गालिचा ठेवायला तिच्याकडे जागा नाही. मी म्हटले, गुंडाळून उभा ठेव. ती म्हणाली, ड्वेन पिवळी फुले घेऊन आला होता. मी म्हटले, तो बापावर गेला आहे. मी भिंतीकडे बघत विचारले की क्रेन्सचे काय ठरले. ती म्हणाली, वसंतात खेळू, पण पहिला भिडू तिला आत्ताच निवडायचा आहे, नंतर म्हणे मी शब्द फिरवीन.

मी म्हटले निवड. डेझमंडचे नाव घेणार हे उघड होते. सॉसेजमध्ये मीठ कमी करायचे का, याचाही मी मनात विचार करून ठेवला होता.

"मी तुला घेते," ती म्हणाली.

मी म्हटले, "मार्लिस, मी मरायला टेकलेय."

"माझ्या टीममध्ये त्यानं काही फरक पडत नाही," ती म्हणाली, आणि पर्समधून कात्री व कंगवा काढला. तिच्या भिडूंचे केस ती फुकट कापते.

तिला साक्षीदार म्हणूनही सही करायची होती. जिला मृत्युपत्रातून काही मिळते ती साक्षीदार होऊ शकत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले, तेव्हा ती गुपचूप माझ्या मानेवरचे केस झटकत बसली. आरशात पाहिले. चांगले कापले आहेत. हे मी तिला बोलले नाही, इथे लिहून ठेवते.

सबब कलम ७ मध्ये पुढील दुरुस्ती करावी. निळ्या शर्टाऐवजी मला ग्रॅटन क्रेन्सचा नारिंगी शर्ट घालावा. रंग मला अजिबात आवडलेला नाही, याची नोंद असावी.

लव्हॉन कुबिचेक

आमच्यासमक्ष सही केली, केस कापून झाल्यावर:
१. रोलंड हाव्ह्लिक, पंच, केटल फोर्ड
२. बर्निस ओल्ट्मन, परिचारिका, ग्रॅटन

केटल फोर्ड, नेब्रास्का
२ डिसेंबर २०१६