चढावरचा आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा आला! पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. बॉनेटच्या आतून, योगी हिलच्या चढावर, भर सकाळी. घाबरून ब्रेक मारला तर मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्या काढून गेला.

घरी येऊन जयवंतला सांगितलं. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी याची गाडी बंद केली, तेव्हापासून हा माणूस बाल्कनीतल्या खुर्चीतून उठत नाही. भाजीला चल म्हटलं तर नाही, कट्ट्यावर तर नाहीच. मी या वयात गाडी शिकले ती याला बाहेर काढायला, तर साहेब शेजारी बसायलाही तयार नव्हते. पण आज उठला! ''कसला आवाज? चल, मला ऐकू दे.'' पँट बदलली, केस विंचरले. मी बघतच राहिले.

त्याला घेऊन चढावर गेले. आवाज आला. डॅशबोर्डवर हात ठेवून ऐकत बसला. ''हं,'' म्हणाला. ''गॅरेजला दाखवू.''

५ नोव्हेंबर

श्यामसुंदरच्या गॅरेजवर अख्खी दुपार. त्याने बॉनेट उघडून रेस दिली, कान लावला, स्वतः चढावर फेरी मारून आला. काही नाही! ''मॅडम, गाडी झकास आहे.'' जयवंतने आग्रह करून इंजिनाचं माउंटिंग बदलून घेतलं. परत येताना मी चालवली — खडखड, खडखड. रडूच यायचं बाकी होतं.

जयवंत मात्र मजेत. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

७ नोव्हेंबर

चेंबूरहून केयूरचा फोन. ''आई, आवाज करणारी गाडी कशाला सांभाळतेस? विकून टाक ना. कॅब आहेत की.'' पुढच्या रविवारी गिऱ्हाईक घेऊन येतोय, अनिरुद्ध म्हणून त्याचा मित्र. म्हटलं, अरे, गाडी गेली तर तुझे बाबा परत त्या खुर्चीत जाऊन बसतील. तर म्हणे, ''तू उगाच इमोशनल होतेस.''

उगाच! पोटचा मुलगा आहे म्हणून नुसता फोन ठेवला.

८ नोव्हेंबर

मिक्सर लावला तरी तोच आवाज ऐकू येतो. डोक्याची वाट लागली आहे.

११ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यावरच्या दीप्तीला गाडी चालवायला लावली. त्याच चढावर, मी शेजारी. चिडीचूप! मग मी बसले — खडखड. म्हणजे गाडीचं वैर फक्त माझ्याशी?

जयवंत म्हणतो बेल्ट असेल. पुन्हा श्यामसुंदरकडे. बेल्ट ठणठणीत. पण हा तिथे स्टुलावर बसून आपल्या जुन्या फियाटच्या गोष्टी सांगत होता आणि सगळं गॅरेज हसत होतं. कितीतरी दिवसांनी त्याला असं मोठ्याने बोलताना ऐकलं. बरं वाटलं, खूप बरं वाटलं. आणि लगेच रविवार आठवला.

१४ नोव्हेंबर

सापडलं!!

वाण्याकडून एकटीच येत होते. चढावर पुढे पाण्याचा टँकर. थांबले, पहिला गिअर टाकला, मग दुसरा. टँकर काही हटेना, म्हणून दुसऱ्यावरच रखडत वर गेले. आवाज नाही! वळवून पुन्हा खाली. तिसऱ्यावर चढवली — खडखड. परत दुसऱ्यावर — शांत.

शिकायला लागल्यापासून जयवंतचं एकच पालुपद: ''लवकर वरचा गिअर टाक, पेट्रोल वाचतं.'' मी आज्ञाधारक बाई! सोसायटीचं गेट ओलांडलं की तिसरा, मग चढ असो नाहीतर खड्डा. त्या बिचाऱ्या इंजिनाचा जीव जात होता, म्हणून ओरडत होतं. बिघाड कुठे नव्हताच.

धावत वर जाऊन सांगितलं. वाटलं, खूश होईल, माझी पाठ थोपटेल. ''अच्छा,'' एवढंच म्हणाला आणि पेपर न वाचता हातात धरून बसला.

१६ नोव्हेंबर, रविवार

केयूर आणि अनिरुद्धला गाडीत घालून दुसऱ्या गिअरवर चढ चढून दाखवला. केयूर म्हणाला, ''आवाज कुठंय?'' म्हटलं, ''गेला. आणि गाडीपण कुठे जात नाही.'' अनिरुद्ध बिचारा चहा पिऊन गेला.

जिंकले खरी. पण जयवंत खालीच आला नाही. ''तुम्ही जा, मला काय दिसणार आहे.'' संध्याकाळी विचारलं, भाजीला येतोस? नाही. फिरून येऊ नुसतं? नाही. दिवसभर खुर्चीत. माझं नुसतं आत-बाहेर, आत-बाहेर चाललंय. काय चुकलं माझं?

१७ नोव्हेंबर

सकाळी न राहवून विचारलं, ''तिसऱ्या गिअरमुळे होतंय, हे तुला कळलं नव्हतं?''

''पहिल्याच फेरीत कळलं होतं.''

तो रस्त्याकडे बघत पुढे म्हणाला, ''सांगितलं असतं तर तू मला गॅरेजला कशाला नेलं असतंस?''

मी आत गेले, डोळे पुसले, चावी घेतली. म्हटलं, ''ऊठ रे. मागच्या चाकातून काहीतरी आवाज येतोय.''

काल गाडीत न बसलेला हा माणूस म्हणाला, ''हो, मलाही वाटलंच.''