भिंतीवरचा मी

३ मार्च, मंगळवार
वाचनालयाच्या मागच्या भिंतीवर आज मीच उभा. टोपी, पोट, हातात रोलर — सगळं काळ्या रंगात, अगदी माझ्या मापाचं. स्टेन्सिलवाल्यांचं काम. पुठ्ठ्यात आकृती कापायची, भिंतीला लावायची, फवारा मारायचा आणि धूम ठोकायची. नऊ वर्षं त्यांची चित्रं राखाडी रंगाने पुसतोय. नगरपालिका मला त्याचाच पगार देते. पण स्वतःलाच पुसायची पाळी आजवर आली नव्हती.
मुकादम म्हणाला, "हुबेहूब आहे रे. चेहऱ्यावरचा कंटाळासुद्धा."
पुसला. पोटाला दोन हात लागले.

५ मार्च, गुरुवार
कचेरीत आता मला 'भिंतीवरचा' म्हणतात. भिंतीवरचा, चहा घेणार का? घेतला.

१४ मार्च, शनिवार
दुपारी बायको पुठ्ठ्याची लांब नळी घेऊन आली. उघडली तर आत मी! तोच वाचनालयामागचा, जाड पांढऱ्या कागदावर. चित्रांच्या दुकानात विकायला आलाय म्हणे. स्क्रीन प्रिंट. खाली पेन्सिलने १४/७५ आणि दोन सह्या, दोन्ही वाचता न येणाऱ्या.
"पंचाहत्तरच छापलेत," बायको म्हणाली. "पुन्हा निघणार नाहीत."
म्हणजे मी एक पुसला आणि ह्यांनी पंचाहत्तर काढले.
सासूबाई चष्मा लावून बराच वेळ बघत बसल्या. म्हणाल्या, "जावईबापू चित्रात बरे दिसतात. मधे मधे बोलत नाहीत."
टीव्हीच्या वर लावलंय. बातम्या बघायला बसलो की बातम्यांच्या डोक्यावर मी. आणि बघता बघता चूक सापडली — रोलर डाव्या हातात आहे. मी उजवा. पंचाहत्तर घरांत मी डावरा म्हणून लटकणार.

१६ मार्च, सोमवार
साहेबांनी बोलावलं. त्यांच्या खुर्चीमागे, काचेच्या फ्रेममध्ये — मी. ३१/७५.
"साहेब, हे तर आपण पुसायला लावलं होतं."
"भिंतीवर होतं तेव्हा विद्रूपीकरण. आता कला आहे."
मग आवाज खाली आणून म्हणाले, ही जोडगोळी कोण ते शोधून काढा, वरून तगादा आहे, गुन्हा दाखल करायचाय. नावं आणून दिलीत तर भांडारात बसवतो. खुर्ची, पंखा, दिवसभर डबे मोजायचे. "तुमचे गुडघे कुरकुरतात असं ऐकलं."
उठताना दोन्ही कुरकुरले. वेगळं उत्तर द्यावं लागलं नाही.

१८ मार्च, बुधवार
चित्रांच्या दुकानात गेलो. डाव्या हाताची तक्रार करायचीच होती, जमलं तर नावंही काढू म्हटलं. दुकानदाराने तक्रार ऐकली आणि आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "ताई, हात चुकलाय म्हणतायत."
आत दोन बायका उरलेल्या कागदांवर सह्या करत बसलेल्या. साठीच्या आसपास. नणंद-भावजय! नणंद शाळेत गणित शिकवायच्या, भावजय शिवणकाम करतात. नऊ वर्षं मी मनात दोन दांडगट पोरं धरून चाललो होतो.
मला बघून भावजय उठूनच उभ्या राहिल्या. "अगंबाई, हे तर आपले ते."
हाताचं सांगितलं.
"तरी मी म्हणत होते, पुठ्ठा उलटा लागलाय," नणंद म्हणाल्या.
"म्हणत नव्हतात वन्सं, खोकत होतात. कोणी आलं की खोकायचं ठरलं होतं, म्हणून मी घाईने लावला."
बराच वेळ त्यांचं ते चाललं. मग विचारलं, माझंच चित्र का?
नणंद म्हणाल्या, "तुमच्यासारखी भिंत कोणी करत नाही हो. पलीकडच्या वॉर्डातला माणूस गुठळ्या ठेवतो, तिथे आम्ही जातच नाही. आमच्या प्रत्येक चित्राखाली तुमचा रंग असतो. सही मात्र आमची. बरं दिसेना."
एवढ्या नोकरीत माझ्या भिंतीला चांगलं म्हणणारं हे पहिलं माणूस. डोळ्यात काहीतरी गेलं. टर्पेंटाइनचा वास होताच तिथे.
नावं विचारावी लागली नाहीत. दारावर पाटी आहे.

१९ मार्च, गुरुवार
बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "गुडघे तुमचे, जीभही तुमची." आणि भाजी चिरत बसली. असली उत्तरं देणाऱ्या बाईशी पंचवीस वर्षं संसार केलाय.
एका कागदावर दोन्ही नावं लिहिली. अक्षर छान आलं. कागद फाडला.

२० मार्च, शुक्रवार
साहेबांना म्हटलं, बघितले. दोघे होते. उंच. दाढीवाले. मोटरसायकलवर.
साहेब लिहून घेत होते. "दाढी कशी?"
"दाट."
"पुन्हा दिसले तर ओळखाल?"
"कुठेही."
आयुष्यात पहिल्यांदा साहेबांशी खोटं बोललो, आणि इतकं सफाईने की स्वतःचीच भीती वाटली. भांडाराचा विषय निघालाच नाही. घरी येऊन सांगितलं. बायकोने न मागता दुसरा चहा दिला.

२३ मार्च, सोमवार
तीन भिंती. डावा गुडघा भोपळ्याएवढा झालाय. त्या खुर्चीची फार आठवण आली.

२६ मार्च, गुरुवार
नणंदबाईंचा फोन. भावजयीचा पाय मुरगळलाय, रविवारी पहाटे पुलाखाली शिडी धरायला कोणी नाही. म्हटलं, भिंत शनिवारीच रंगवून ठेवतो, शिडीलाही येतो.
बायको माळ्यावर चढली आहे. माझे पळायचे बूट शोधतेय.