तुम्ही परस्पर मागितलेली माफी

तीर्थरूप बाबा,

रागात असले तरी आधी नमस्कार.

तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

तुम्ही आमच्या विभागप्रमुखांना फोन केलात, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. पेशंट खुर्चीत असताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचे वडील सांगत होते, पोरीचं चुकलं, पदरात घ्या." सगळे फिदीफिदी हसले. मी मान खाली घालून पेशंटच्या दातांची तार वाकवत राहिले.

माझं काय चुकलं, हे आधी मला तरी विचारायचं! ज्या मुलीचे वेडेवाकडे दात मी दोन वर्षं तारा लावून सरळ केले, ती केस याच सरांनी परीक्षेत आपल्या भाच्याच्या नावावर मांडली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला विचारलं, "हा वर अडकलेला सुळा खाली कसा आणलास?" तो छताकडे बघत बसला. मी परीक्षकांना म्हणाले, "सर, तो मी आणलाय." एवढ्यासाठी मला नापास केलं. भाचा पास झाला.

सहा महिन्यांनी पुन्हा बसणार आहे. त्या मुलीची आई म्हणाली, "डॉक्टर, आम्ही येऊ, आणि कोणाची पेशंट ते आम्हीच सांगू."

तुम्ही आमच्यासाठी जन्मभर साहेबांपुढे वाकलात, हे मी विसरलेले नाही. पण माझी मान तुम्ही वाकवायची नाही.

पुन्हा फोन लावलात, तर एवढंच सांगा, की माझी मुलगी खरं बोलली. तेवढं जमत नसेल, तर फोन लावू नका.

तुमचीच, अजून न निवळलेली,
धाकटी