क्रमांक नसलेला बिल्ला

मी, खाली सही करणारा, वय एक्क्याऐंशी, धंदा ठसे कोरण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी तपासले आहे. कान तर त्यांच्यापेक्षा माझे चांगले आहेत.

१. राहते घर आणि खालची कार्यशाळा मी शून्यातून उभी केली. दोन्ही माझ्या थोरल्या सुनेला मिळावीत. ती विधवा आहे म्हणून नव्हे. एकोणीस वर्षे हे घर तिनेच चालवले म्हणून.

२. कोरण्या, कानशी, भिंग आणि प्रेस धाकट्या मुलाला. सैनिकी बिल्ल्याचा मूळ ठसा मात्र नाही. तो विकण्याबद्दल जुन्या वस्तूंच्या दुकानदाराशी फोनवर चाललेली त्याची कुजबुज मी भिंतीपलीकडून ऐकली आहे. साक्षीदारांसमोर ठशावर छिन्नीचा आडवा घाव घालावा, म्हणजे त्यातून पुन्हा काही निघणार नाही.

३. त्या बिल्ल्याची हकिकत नोंदवून ठेवतो. लढाईतून आजारी होऊन परतलेले जवान साध्या कपड्यांत हिंडत आणि लोक त्यांना पळपुटे म्हणत. म्हणून लष्करी खात्याने छातीवर लावायला चांदीचा बिल्ला काढला. मध्ये शिरस्त्राण, भोवती पानांची डहाळी, कडेला ‘सेवा बजावली’, मागे क्रमांक. ठसा मी कोरला. खात्याच्या साहेबांना त्यावर तलवार हवी होती. मी सांगितले, एवढे बारीक टोक ठशात टिकत नाही. टिकते. पण घरी परतलेल्याच्या छातीवर मला ती नको होती.

४. थोरला मुलगा फुप्फुसे खराब करून परतला. बसच्या रांगेत एका बाईने सगळ्यांदेखत विचारले, एवढा धडधाकट, मग इथे कसा? आजार भरतीआधीचा, असा शेरा मारून खात्याने त्याला बिल्ला नाकारला. मला त्याने बायकोसमोर एकदाच विचारले, “बाबा, एखादा जास्तीचा निघत नाही का?”

मी म्हटले, मोजूनच निघतात. खोटे होते. रोज दोन-तीन जास्तीचे, क्रमांक न घातलेले निघत. काम संपले की मी ते वितळवत असे. तो पुन्हा घराबाहेर पडला नाही. दोन वर्षांनी गेला.

५. हे सुनेला माझ्यामागे कळावे, असे ठरवले होते. वकील म्हणाले, तोंडाने सांगा. आज सकाळी सांगितले. तिने कप विसळून पालथा घातला.

“मला माहीत होतं, मामंजी. वितळवायचं भांडं मीच घासायचे.”

“आणि त्याला?”

“मीच सांगितलं होतं. बाबांना काही बोलायचं नाही, म्हणाले.”

कलम एक कायम आहे. ते तिला वाचून दाखवले. ती बरं म्हणाली आणि साक्षीदारांना बोलवायला खाली गेली.

सही: ठसेवाला
साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी (सही) २. घरचे डॉक्टर (सही)
स्थळ: राहते घर, वरची खोली
दिनांक: ११ जून