जुन्या युनकौची वाट चुकणाऱ्यांबाबत

प्रति,
मा. तालुका प्रमुख,
तालुका कचेरी, नवे युनकौ.

विषय: नदीच्या वळणावरील पांढरा पॅगोडा पुन्हा बांधून मिळणेबाबत.
संदर्भ: आपल्या कार्यालयाचे उत्तर, "जुन्या गावी आता कोणाचे येणे-जाणे नाही."

महोदय,

वरील उत्तर चुकीचे आहे, हे नम्रपणे निदर्शनास आणतो.

मी छू पोलिन, वय सत्तरीपुढे, जुन्या युनकौच्या नगरदेवाच्या देवळाची झाडलोट करतो. तालुक्याचे ठिकाण सहाशे वर्षे आमच्याच गावी होते. तीन बाजूंना नदी, चौथ्या बाजूला टेकडी, टेकडीवर पॅगोडा. महापुरानंतर कचेरी नदीपलीकडे गेली. तिच्यामागे शाळा, दवाखाना, बाजार, सगळे गेले. मोडकी कपाटेसुद्धा ट्रकमधून नेली. नगरदेवाला मात्र कोणी नेले नाही. जिवंतांचा कारभार आपल्याकडे, तसा या तालुक्यातील मृतांचा त्यांच्याकडे. माणूस गेला की पहिली हजेरी त्यांच्यापुढे. त्यांच्या बदलीचा हुकूम आजतागायत निघालेला नाही. सबब मृतांना अजून आमच्याच गावी यावे लागते.

पॅगोडा होता तोवर तक्रार नव्हती. गेल्या वर्षी नव्या रस्त्यासाठी टेकडी फोडली, पॅगोडा पाडला. तेव्हापासून लोक वळण चुकतात. धुक्याच्या सकाळी बांधावरून हाका येतात. वसंतात वारलेला खाटीक फान माझ्या दारात येऊन खेकसला, "अरे पोलिन, गावाचं काय केलंत लेको? सकाळपासून पायपीट चाललीय, जिकडं बघावं तिकडं नुसतं डांबर!" मास्तरीणबाई लू तर कोळशाच्या ट्रकमागून शेजारच्या तालुक्यात पोचल्या. तिथल्या नगरदेवाने "आमच्या हद्दीतल्या नाहीत" म्हणून परत पाठवले. मेल्यावरही खेटे चुकले नाहीत, असे त्या म्हणाल्या.

ही हकिगत मी रस्ते विभागात सांगितली. तेथील कारकून म्हणाला, "आजोबा, इथं जिवंतांना बस मिळेना आणि तुम्ही मेलेल्यांची सोय बघताय!" सगळे हसले. मला हसू आले नाही. मला भीती वाटते.

कारण माझी पत्नी मियाओ शिऊचू थंडीत आपल्या नव्या दवाखान्यात वारली. तिला अक्षरओळख नव्हती. नदीपलीकडे बाजाराला निघाली की म्हणायची, "माझी काळजी नका करू हो, पॅगोडा दिसला की मी घरी पोचलेच." तिच्यानंतर गेलेले सगळे येऊन गेले. ती आलेली नाही. मी प्रत्येकाला विचारतो. फान म्हणाला, "रस्त्याकडेला एक बाई बसली होती खरी. टेकडी कुठाय, टेकडी कुठाय, एवढंच विचारत होती." मी रोज तिथे जाऊन तिला हाका मारतो. ट्रकवाले हॉर्न वाजवतात.

तरी पॅगोडा बांधावा. तेवढा खर्च परवडत नसल्यास चुना लावलेला एक उंच खांबही चालेल. तेही नियमात बसत नसल्यास, माझी वेळ येईल तेव्हा मला त्याच दवाखान्यात, शक्यतो त्याच खाटेवर ठेवण्याची लेखी परवानगी द्यावी. म्हणजे मीही तिथूनच निघेन, आणि ती जिथे चुकली तिथेच चुकेन.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
छू पोलिन
नगरदेव मंदिर, जुने युनकौ
दि. ९ ऑक्टोबर १९९३